कार्तिकातली कडुनिंबाची फुलं

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत एवढी वर्षं काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगतो, वाचलं. सरकारनं मला वाचायचा पगार दिला. लोकांना वाटतं कारकून म्हणजे लिहिणारा. लिहिणारे पुष्कळ होते हो. माझ्याकडं रुजवात होती.

रुजवात म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कुणाला जुन्या कागदाची नक्कल हवी असली की तो अर्ज करायचा. नक्कल हातानं लिहिली जायची. ती बाहेर देण्याआधी दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत न्यायचं. मुळात खोडलेला शब्द असेल तर ‘येथे एक शब्द खोडलेला’ असंही वाचायचं. आणि मुळात चूक असेल तर ती सुधारायची नाही, नकलेत जशीच्या तशी उतरवायची. शेवटी कागदाच्या तळाशी तीन तारखा पडायच्या. अर्ज आला ती, नक्कल तयार झाली ती आणि अर्जदाराच्या हाती दिली ती. त्याखाली दोन सह्या, नक्कल करणाराची आणि रुजवात घेणाराची. ही दुसरी सही माझी.

माझा बाप अंगठाबहाद्दर. चिखलीच्या बाजूला आमचं गाव. आमच्या वस्तीतून बी. ए. झालेला मी पहिला, आणि हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगतो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मला जळगाव जामोदच्या कचेरीत नेमणूक मिळाली. रेकॉर्ड खोली मागच्या अंगाला होती. एकच खिडकी, तीही कुंपणाच्या बाभळीनं झाकलेली. छताला लागलेल्या फळ्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. भर दुपारी कंदील लावावा लागे. माझ्यासमोर नक्कल करणारे हनीफभाई बसत. वयानं बापासारखे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि अक्षर असं की मोत्यांनी लाजावं. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. “ओ ग्रॅज्युएट, चहा सांग बे!” एवढंच.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एकानं चाळीस वर्षांपूर्वीचा म्हणून वाटणीचा कागद आणला. पिवळाजर्द, कडा कुरतडलेल्या, वास सुद्धा जुना. मी वाचत गेलो तर शेताची पश्चिम हद्द ‘एसटी थांब्यापर्यंत’. मी म्हटलं, “दादा, तुमच्या आजोबांनी थांबा बघितला कधी? तेव्हा एसटी होती का?” तो कागद उचलून जो निघाला, तो चप्पल सुद्धा विसरला. दुसरा एक म्हातारा दरवर्षी पोळा झाला की यायचा. त्याच्या आज्यानं कुठल्याशा पाणंदीच्या भांडणात जबाब दिला होता. नक्कल नको असायची त्याला. “एकदा वाचून दाखवा ना सायेब. आजा कसा बोले ते आयकू येते.” नियमात बसत नव्हतं, पण मी वाचून दाखवायचो. तो डोळे मिटून बसायचा आणि मध्येच हसायचा.

असं चाललं होतं. मग उकर्डाजी आले.

उकर्डाजी वरवट बकालच्या बाजूचे शेतकरी. पन्नाशीचे, पागोटं मळलेलं, जानेवारीच्या थंडीत अंगावर नुसती बंडी. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, ती ओसरीवर खांबाला टेकून बसली. उकर्डाजींची थोरली लेक इंदू दोन वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दिली होती. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि ती सासरच्या मळ्यातल्या विहिरीत सापडली. आकस्मिक मृत्यूचे कागद आमच्याकडं येत. त्यातल्या पंचनाम्याची नक्कल त्यांना हवी होती.

“कशाला हवी?” मी विचारलं. अर्जात कारण लिहावं लागे.

“पोरीचा फोटू नाई काढला कधी,” ते म्हणाले. “तिच्याबद्दल लिवलेला कागद तरी घरात असावा.”

चार दिवसांनी हनीफभाईंनी नक्कल लिहून ठेवली आणि आम्ही रुजवातीला बसलो. मी मूळ कागद वाचत होतो. ‘विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर तांब्याची घागर पालथी. पाण्यावर कडुनिंबाची फुले तरंगत आहेत. मयताचा उजवा हात डोक्याखाली, झोपल्याप्रमाणे. डोळे उघडे असून चेहरा हसरा.’

इथं पान संपलं. मी पान उलटायला हात पुढं केला, आणि माझं तोंड थांबलंच नाही. पुढचं वाक्य मी पान उलटायच्या आधी बोललो. ‘काठावर एक काकण, न फुटलेले.’

पान उलटलं. पहिली ओळ तीच होती.

हनीफभाईंचं बोट नकलेवर जिथल्या तिथं राहिलं. त्यांनी वर बघितलं. कंदिलाची वात नीट जळत होती, तरी मला खोली अंधारल्यासारखी वाटली.

“पेहलेसे पाठ आहे का तुले?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही हो. आजच बघतोय हा कागद.”

“मग काऊन येते?”

 खोटं कशाला लिहू, मी घाबरलो. आमच्या वस्तीनं धर्म बदलला तेव्हा माझ्या आईनं विहिरीवरचे आसरांचे सात शेंदरी दगड स्वतः उचलून नाल्यात टाकले होते. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया, आमच्याकडं प्रत्येक जुन्या विहिरीला असतात म्हणतात. दगड टाकले, पण त्यानंतरही विहिरीजवळून जाताना आईचा पदर आपोआप डोक्यावर यायचा. माझं त्या दिवशी तसं झालं. बी. ए. डोक्यात होती आणि पाठीवरून मुंग्या जात होत्या. एका मेलेल्या मुलीबद्दलची वाक्यं माझ्या तोंडात कुणी ठेवली?

हनीफभाई उठले. “तू वाचलेलं आहेस म्हणून येते. इथंच, या खुर्चीवर. आवाज मीही ऐकला आहे.” आणि ते फळीवरचे गठ्ठे उतरवू लागले.

दुपार सरत आली तेव्हा सापडलं. त्याच गावचा, त्याच मळ्याचा, तीसेक वर्षांपूर्वीचा पंचनामा. मयत जानकाबाई, त्याच घरची सून. पालथी घागर, तिसरी पायरी. पाण्यावर कडुनिंबाची फुलं. उजवा हात डोक्याखाली. हसरा चेहरा. काकण. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कंदील जवळ ओढला. शाई वेगळी, हात वेगळा, कागद वेगळा. वाक्य न वाक्य एक. दोन बाया, एक पिढी मध्ये घालून, एकाच विहिरीत, एकाच अंगावर झोपलेल्या.

“या अल्ला,” हनीफभाई म्हणाले. 

जुना कागद चैत्रातला होता. चैत्रात कडुनिंब फुलतो, विहिरीत फुलं पडतात, यात काही नाही. इंदू गेली ती कार्तिकात. कार्तिकात कडुनिंबाला फूल? मी लहानपणापासून त्या झाडाखाली वाढलो, कधी बघितलं नाही. मग माझी भीती थोडी उतरली. ज्यानं हा दुसरा कागद लिहिला त्यानं पाण्याकडं बघितलंच नव्हतं. त्यानं जुन्या कागदाकडं बघितलं होतं.

पण जुना कागद तर आमच्या गठ्ठ्यात बांधलेला होता. त्याला तो दिसला कुठून?

उत्तर उकर्डाजींच्याच खिशात होतं. दोन दिवसांनी नक्कल न्यायला ते आले. मुलगी पुन्हा ओसरीवर, खांबाशी. मी त्यांना आत बसवलं आणि विचारलं, “पंचनाम्यात फुलांचं लिहिलंय, ते ठाऊक आहे का तुम्हाला?”

“हाव ना. जावयानं सांगितलं. दिगंबररावानं. कार्तिकात फुलं पडली पान्यावर, ते काय मानसाचं काम हाये? आसरानं नेलं पोरीले. त्यायच्या घरात पयलेबी एक सून अशीच नेली. कागद हाये न त्याचा.” त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. “हा पाहा. जावयानंच देला. म्हने, मामा, आमच्या घरचा दोष नाई, विहिरीचा हाये. आता आसराची पूजा केली, सात खन-नारळ देले, बोकड देला. आता दुसरीले काई नाई होत.”

“दुसरीला म्हणजे?”

त्यांनी ओसरीकडं मान केली. “वच्छी. धाकटी. फाल्गुनात लावून देतो तिले तिथंच. थोरली गेली की धाकटी देतेत आमच्यात. घर मोठं हाये, सोयरीक तुटत नाई.”

मी कागद हातात घेतला. जानकाबाईच्या पंचनाम्याची नक्कल होती ती, आमच्या कचेरीतली, हनीफभाईंच्या अक्षरातली. मजकूर मला पाठच होता. हनीफभाई माझ्या खांद्यावरून वाकले आणि बोटानं कागदाच्या तळाशी टिचकी मारली.

“वरचं नको. खालून वाच, ग्रॅज्युएट.”

अर्जदार, दिगंबर. कारण, घरगुती कामाकरिता. अर्ज आल्याची तारीख सप्टेंबरातली. दिल्याची तारीख सप्टेंबरातली. रुजवात घेणार, खाली माझी सही.

इंदू नोव्हेंबरात गेली होती.

म्हणजे ती पाणी भरत होती, दिवाळीच्या करंज्या करत होती, तेव्हा तिच्या पंचनाम्याचा मजकूर त्या घरात येऊन पडला होता. आणि तो मीच मोठ्यानं वाचून, बरोबर आहे म्हणून सही करून दिला होता. दिवसाला वीस-वीस नकला निघत. त्या दिवशी माझं लक्ष शब्दांवर होतं, शब्द कशाबद्दल आहेत यावर नव्हतं. या एका गोष्टीची बोच अजून गेलेली नाही.

उकर्डाजींना वाचता येत नव्हतं. मी त्यांना दोन्ही कागद समजावून सांगितले, शेतीचा हिशेब सांगावा तसे, महिन्यांवर बोट ठेवून. कुणाचा कागद कधीचा, फुलं कधीची, अर्ज कधीचा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे त्यानं मारली?”

हे मला फार जपून बोलावं लागलं. “कागद तसं म्हणत नाही, उकर्डाजी. कागद एवढंच म्हणतो की पोर जिवंत होती तेव्हाच त्यानं हा जुना पंचनामा मागवला. कशाला मागवला ते कागदात नाही. आणि हे की तुमच्या पोरीचा पंचनामा बघून लिहिलेला नाही, यावरून उतरवलेला आहे.”

“तुमची लेक असती तर देली असती?”

“नाही.”

 आमच्या कोपऱ्यातल्या माठातलं पाणी ते घेत नसत. मी कोणत्या वस्तीतला हे त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं पाणी मागितलं. मी दिलं, ते प्यायले, आणि पेला धरलेला हात गुडघ्यावर ठेवून रडले.

ओसरीवर वच्छी उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

लग्न मोडलं. मी नायब तहसीलदारांना लेखी कळवलं. त्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “नक्कल मागणं गुन्हा आहे का?” तरी त्यांनी चौकशी लावली. पंचनामा लिहिणाऱ्या म्हाताऱ्यानं कबूल केलं की तो विहिरीजवळ गेलाच नाही. पंचही गेले नाहीत. आसरानं माणूस नेलं की पूजा होईपर्यंत त्या पाण्याजवळ कुणी जात नाही, सावली सुद्धा पडू देत नाहीत. पाचही पंच एक शेत अलीकडं बांधावर बसले होते आणि तिथंच सह्या-अंगठे दिले. काय लिहावं सुचेना, तेव्हा दिगंबरनं नमुना म्हणून जुना कागद दिला. म्हाताऱ्यानं नाव बदललं, बाकी उतरवलं. प्रेत प्रत्यक्षात कसं होतं, हात कुठं होता, चेहरा कसा होता, हे बघितलं असं सांगणारं घरच्यांखेरीज एकही माणूस सापडलं नाही. दिगंबर म्हणाला, विहीर बुजवायची होती, भाऊबंदांना पटवायला जुना कागद मागवला होता. तेही खरं असू शकतं. प्रकरण तिथंच थांबलं.

उन्हाळ्यात दिगंबर कचेरीच्या खिडकीशी आला. तोवर मी त्याला बघितल्याचं मला आठवत नव्हतं. तिशीतला, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं मऊ.

“तुमीच न ते बारीक वाचनारे?” तो हसून म्हणाला. “बरं हाये. वाचनारा मानूस पायजे.” आणि अर्ज पुढं सरकवला. इंदूच्या पंचनाम्याची नक्कल पाहिजे.

“आता कशाला?”

“नव्या सासऱ्याले दाखवाले. पयली कशी गेली, इचारतेत न लोक.” तो खिडकीत कोपर टेकून उभा राहिला. “वच्छीची तब्येत बरी हाये ना?”

मी अर्ज ओढून घेतला. नवऱ्याला बायकोच्या पंचनाम्याची नक्कल नाकारता येत नाही. आम्ही ती तयार केली. रुजवातीला मी पुन्हा तेच वाचलं, घागर, फुलं, हसरा चेहरा. हनीफभाईंनी त्या दिवशी एकदाही मला ग्रॅज्युएट म्हटलं नाही. मी सही केली. नवी सोयरीक कुठली, ते नक्कल देताना मी बोलता बोलता त्याच्याकडूनच काढून घेतलं. नांदुऱ्याच्या पलीकडचं एक गाव होतं. दोन रात्री मी विचार केला, जावं का. सरकारी नोकर, नवी नोकरी, खाजगी घरातलं प्रकरण, वर माझी जात काढतील. मी गेलो नाही. उकर्डाजींना मात्र निरोप धाडला, नावगावासकट.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. वच्छी आली, बाप मागं.

“बाबूजी, ते दोन्ही कागद आमच्यापाशी हायेत. पन मले तुमचं लिवलेलं वाचता नाई येत. पुस्तकातलं येते, चौथीपर्यंत शिकली मी. हाताचं लपेटलेलं नाई येत.”

“मग?”

“मले शिकवा. त्या नव्या नवरीच्या गावात मीच वाचून दाखवीन. माह्या बापाले लोक म्हनतीन, याच्या पोरीचं लगन मोडलं म्हनून आग लावाले आला. मी वाचली तर कागद बोलीन.”

ओसरीवर बसवून मी तिला शिकवलं. एका दिवसात झालं नाही. ती दुसऱ्या दिवशीही आली, भाकर बांधून. हनीफभाई त्यांच्या अक्षरातले वळसे सोडवून दाखवत, “ये देख बेटी, हा सप्टेंबर. ये माझा स जरा लाडात येतो.” पहिल्यांदा ती ‘मयताचा उजवा हात’पाशी आली तेव्हा थांबली. मी म्हटलं, राहू दे, तळच्या तारखाच वाच. ती म्हणाली, “नाई. हेबी वाचते. हे तिचं नाईच न. हे त्या जानकाबाईचं हाये.” आणि वाचलं.

त्यानंतर ती आणि उकर्डाजी एसटीनं गेले. मी कचेरीत बसून होतो, समोरचा कागद दिसत नव्हता.

आठवड्यानं ती सांगायला आली. लग्नाला दोन दिवस उरले होते. पुरुष मंडळींनी यांना दारातच धरलं, पोरीच्या मामानं उकर्डाजींचं पागोटं ओढलं. आवाज ऐकून नवरी स्वतः बाहेर आली, अंगाला हळद लावायला बसवलेली, तशीच. तिनं विचारलं, काय हाये त्या कागदात? वच्छीनं अंगणात उभी राहून दोन्ही कागद वाचले, आधी जुना, मग नवा, मग तळ. 

“मंग?” मी विचारलं.

“मंग तिनं म्हटलं, पुन्ना वाच. मी पुन्ना वाचली.” वच्छीनं दोन्ही कागदांची घडी माझ्या टेबलावर ठेवली. “मंग ती आत गेली, भिजवलेल्या हळदीचं घंगाळ घेऊन आली, अन् सगळ्यायच्या समोर उकिरड्यावर ओतून देलं.”